कानाचा उपास

घर भाड्यानं देताना लोक काय काय विचारतात. पगार किती, लग्न कधी, पाहुणे येतात का, घरात अंडी शिजतात का. रायपूरला शंकर नगरमध्ये वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बघायला मी गेले, तेव्हा खाली राहणाऱ्या घरमालक काकांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. मला नीट न्याहाळून ते म्हणाले, "पोट्टी, तुझा कुकर शिट्ट्या किती मारते?"

"वरणभाताला तीन," मी म्हटलं.

"अन् मधून मधून आठ-दहा दिवस बिनशिट्टीचं भागवशील काय?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या दारात बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच मला खूण केली, हो म्हण. मी हो म्हटलं आणि चाव्या मिळाल्या. मी सांगलीची, नव्या राजधानीतल्या एका संस्थेत नोकरीला आलेली. पोट्टी म्हटल्यावर माझा चेहरा पडला असावा, कारण चहा देताना काकू म्हणाल्या, "आमच्याकडे पोरीले पोट्टीच म्हणते. राग नको मानू. अन् कुकरचं काय ते तुले कळनच."

ते लवकरच कळलं. एका सकाळी खाली उतरले तर ऐन एप्रिलच्या उन्हाळ्यात काका अंगणात कानटोपी घालून बसलेले. टीव्हीवर चादर पांघरलेली. दाराची घंटी बंद केलेली. पेपरवाल्याला आठवडाभर येऊ नको म्हणून सांगितलेलं. काकांचा मोबाइल तांदळाच्या डब्यात, आणि काकू पातेल्यात भात शिजवत होत्या. मला वाटलं, घरात कुणी गेलं की काय.

"कोणी नाही गेलं," काकू म्हणाल्या. "रविवारी तुझ्या काकाले सतार ऐकायले जायचं आहे. कानाचा उपास धरला आहे."

काका रेल्वेत गार्ड होते. मूळचे वर्ध्याकडचे, नोकरीनं रायपूरला आले आणि रिटायर होऊनही इथंच राहिले. जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून त्यांच्या डोक्यात एकच विचार असायचा, कोणत्या गावात कोणाचं गाणं आहे आणि आपली गाडी तिथं वेळेवर पोचेल का. गाडी बहुतेक वेळा पोचत नसे. रिटायर झाल्यावर त्यांनी सगळी थकबाकी वसूल करायला घेतली. शास्त्रीय असो, गझल असो, कव्वाली, महाभारत गाऊन सांगणारी पंडवानी, नवरात्रातली देवीची गाणी, कॉलेजातल्या पोरांचा गिटारवाला गोंगाट असो, माणूस समोर बसून गातोय किंवा वाजवतोय एवढंच त्यांना पुरे होतं. कार्यक्रम ठरला की आधीचे काही दिवस ते कानावर कसलंही गाणं पडू देत नसत. ज्याला ऐकायला जायचं त्याचं नावसुद्धा घरात काढायचं नाही, असा नियम होता.

"जेवायले जायच्या आधी कोणी भजे खाऊन जाते काय?" ते मला विचारायचे. "मंग गाण्याले काहून भरल्या कानानं जाता तुम्ही लोकं?"

मी पडले कानात बुचं घालून ऑफिसला जाणारी. ऑफिसच्या बसमध्ये गाणी, जेवताना गाणी, झोपताना गाणी. काकांना ते बघवत नसे. "तू गाणं ऐकून नाही राहिली," ते म्हणायचे, "तू गाण्यानं कान बुजवून राहिली." रेकॉर्ड केलेलं गाणं त्यांच्या मते फोटोतलं जेवण होतं. दिसतं छान, पण वाढणारा नाही आणि आग्रह करणारा नाही. आणि टाळी? टाळी कोणाला वाजवायची, भिंतीला?

टाळीचं त्यांना भारी महत्त्व. त्यांचे तळहात मोठे आणि खोलगट होते, त्यामुळे टाळी घुमायची. सभागृहात पहिली टाळी काकांची आणि मग बाकीच्यांची, हे रायपूरच्या गाणं ऐकणाऱ्या मंडळींना ठाऊक होतं. मध्येच, चुकीच्या जागी ते कधी वाजवत नसत. पण जागा आली की वाटही बघत नसत. "टाळी ताजी पायजे," ते म्हणायचे. "विचार करून वाजवली का ती शिळी झाली."

मला त्यांनी हळूहळू ओढून घेतलंच. माझ्याकडे गाडी होती हेही कारण असेल, पण मला वाटतं त्यांना शिकवायला कोणीतरी हवं होतं. काकू गाण्याला जात नसत. "माझे गुडघे दुखते," त्या म्हणायच्या, आणि काका गेले की निवांत मालिका बघायच्या. आमच्या ऑफिसात मी शनिवारी-रविवारी काय करते असं कोणी विचारलं की मी सांगायची, घरमालकाबरोबर फिरते. लोक संशयानं बघायचे. पण खरं सांगते, इतकी मजा मी आधी कधी केली नव्हती. काकांबरोबर जायचं म्हणजे दोन तास आधी जायचं. खुर्च्या मांडल्या जात असतात, माइकवाला हॅलो हॅलो करत असतो, तबलेवाला हातोडीनं ठोकून बघत असतो, आणि आमचे काका पहिल्या रांगेत एकटे बसून त्यालाही डुलत असतात. "गाणं भरून येऊन राहिलं पाहा," ते माझ्या कानाशी म्हणायचे. त्यांचे पाय जमिनीवर ठरत नसत. साठी उलटलेल्या माणसाला एवढं अधीर झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून मीही सारखी घड्याळ बघायला लागायची.

एकदा तर कमाल झाली. पुरानी बस्तीत काकूंची बहीण राहायची, तिच्याकडे आम्ही तिघं जेवायला निघालो होतो. गल्लीत एक वरात अडकलेली. बँडमध्ये एक क्लॅरिनेटवाला होता, म्हातारा, टोपी कानावर आलेला. त्यानं एक तान घेतली आणि काका गाडीतून उतरले. मला वाटलं रस्ता मोकळा करायला उतरले. वरात हलली, काकाही हलले. आम्ही बहिणीकडे जाऊन पानं वाढून वाट बघत बसलो. शेवटी फोन केला तर उचलेनात. बऱ्याच वेळानं हात धुऊन, पान खाऊन, कपाळाला अक्षता चिकटलेल्या अशा अवस्थेत काका उगवले.

"कुठं होता?" काकूंनी विचारलं.

"लग्न लावून आलो."

"कोणाचं?"

"नाव नाही विचारलं. पण चांगले लोक आहे. त्या बुढ्यानं मांडवात शेवटपर्यंत वाजवलं. मी नवरदेवाले आहेर करून आलो, फुकट कसं जेवायचं?"

काकूंनी बहिणीकडे बघून हात जोडले. त्या रात्री त्यांच्या वाटचं मी जेवले.

आणखी एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक शिक्षिका गात होत्या. पहिल्यांदाच स्टेजवर आलेल्या. दुसऱ्या गाण्यात वीज गेली. माइक बंद, पंखे बंद. बाई गायच्या थांबल्या. लोक उठायला लागले, कुलूपकिल्ल्या वाजायला लागल्या. तेव्हा अंधारातून काकांचा आवाज आला, "मॅडम, माइक गेला. गळा कुठं गेला? चालू द्या." आणि ते हातानं ठेका धरून बसले. बाईंनी पुन्हा सुरुवात केली. माइक नसल्यामुळे सगळ्यांना शांत बसावंच लागलं, आणि माइकशिवायचा तो साधा, किंचित कापरा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. वीज आली तेव्हा कोणीतरी माइक चालू करायला धावलं, तर चार-पाच जणांनी त्याला हात धरून बसवलं.

एवढा सगळा जिवंत गाण्याचा हट्ट, आणि तरी या माणसाच्या घरात एक टेपरेकॉर्डर होता आणि एक कॅसेट होती. एकच. ती गाण्याची नव्हती. मंडळानं फार वर्षांपूर्वी बसवलेल्या एका विनोदी नाटकाची ती कॅसेट, कोणीतरी प्रेक्षकांत बसून भरलेली. कार्यक्रमाहून परत आलं की काका कानाचा उपास या कॅसेटनं सोडत. पायावर पांघरूण, हातात चहा, आणि ते नाटक. प्रत्येक वाक्य पाठ. कुठं लहान मूल रडतं, कुठं पडदा अडकतो, सगळं पाठ. मी एकदा टोकलं, "काका, हे रेकॉर्ड केलेलं चालतं का?"

"हे ऐकणं थोडीच आहे," ते म्हणाले. "हे पांघरूण आहे. अन् दुसरं म्हणजे याच्यात मी आहो."

खरंच होते. दुसऱ्या अंकात नाटकातला घरमालक कपाटात लपतो तिथं सगळे हसतात, आणि सगळ्यांचं थांबल्यावरही एक माणूस हसतच राहतो. ते काका. त्यांच्या हसण्यात घोरल्यासारखा एक आवाज आहे, तो लपत नाही. आणि त्याच्या लगेच मागे एका तरुण बाईचा दबका आवाज येतो, "हळू हसा, लोक पाहून राहिले." त्या काकू. कॅसेट त्या जागी आली की स्वयंपाकघरातून काकू हातातलं काम न थांबवता तेच वाक्य म्हणायच्या. दोन काकू एकदम बोलायच्या, एक पंचविशीतली आणि एक साठीतली. काकांना त्या क्षणी जे सुख व्हायचं ते मी कोणत्याही मैफलीत त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही.

पण त्यांच्या मनात एक सल होता, आणि तो काकूंमुळेच होता.

लग्न नवीन असताना दोघं नागपूरला एका गायिकेला ऐकायला गेले होते. काका तिचं नाव कधी घेत नसत, नुसतं बाई म्हणत, जणू जगात गाणारी बाई एकच. बाईंचं एक निरोपाचं गाणं होतं आणि ते त्या नेहमी शेवटी गात. काकांची त्या रात्री मालगाडीवर ड्यूटी होती. शेवटच्या गाण्याच्या आधी त्यांना उठावं लागलं. काकू मोठ्या जाऊबाईंबरोबर मागे राहिल्या. म्हणजे ज्याच्या जिवाला गाण्याचं वेड तो शिट्टी मारत इतवारी स्टेशनातून गाडी काढत होता, आणि जिला गाणं ऐकताना झोप येते ती तिथं बसून ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, कसं झालं? काकू म्हणाल्या, शेवटच्या कडव्याच्या आधी बाई थांबल्या. इतक्या थांबल्या की लोकांना वाटलं, शब्द विसरल्या. आणि मग उचललं.

"कसं उचललं?"

"ते सांगता नाही येत. तुम्ही असते तं समजलं असतं."

त्यानंतर बाई या भागात फिरकल्याच नाहीत. काकांनी त्या थांबण्यावर आयुष्य काढलं. बाईंच्या कॅसेटमध्ये तो थांबा नाही असं कोणी सांगितलं, तर ते म्हणायचे, "कंपनीनं कापला असन. कंपनीले काय कळते." मंडळात, लग्नात, रेल्वेच्या रिटायर लोकांच्या बैठकीत ते समजावून सांगायचे की गाण्यात गाणं कमी आणि थांबणं जास्त असतं. आणि घरात भांडण झालं की काकूंच्या हातात हुकमाचा एक्का होता. काका गाण्यावरून फार बोलायला लागले की त्या शांतपणे म्हणायच्या, "मी ऐकलं आहे. तुम्ही नाही ऐकलं." काका उठून अंगणात जायचे.

आणि मग एका हिवाळ्यात बातमी आली की बाई रायपूरला येतायत. वय झालंय, यानंतर त्या जाहीर गाणार नाहीत, असं लोक म्हणत होते.

काका बातमी घेऊन धावत वर आले आणि माझ्या दारात नुसतेच उभे राहिले. मी त्यांना पाणी दिलं. "पोट्टी," शेवटी ते म्हणाले, "थांबणं ऐकायले भेटन आता." तीन तिकिटं काढली. काकूंना या वेळी गुडघ्याचं कारण चाललं नाही. "तू सांगशील मले, तसंच थांबली काय ते," काका म्हणाले. काकू नुसत्या चुलीकडे वळल्या.

मग असा उपास सुरू झाला, की त्याच्यापुढं आधीचे सगळे उपास म्हणजे फराळ. मोबाइल तांदळाच्या डब्यात गेला. पेपर बंद. दूधवाल्याला सायकलची घंटी वाजवायची बंदी. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला तरी काका आतल्या खोलीत जाऊन बसत. मी कुकर कपाटात ठेवला आणि चपलाही हातात घेऊन जिना चढायला लागले. काय सांगू, मलाही चढलं होतं. ऑफिसमध्ये कोणी गाणं लावलं तर मी उठून व्हरांड्यात जायची.

कार्यक्रमाच्या दिवशी काकू सकाळपासून बहिणीकडे पुरानी बस्तीत होत्या, तिच्याकडे पूजा होती. त्या तिथूनच परस्पर सभागृहावर येणार होत्या, त्यांचं तिकीट त्यांच्याजवळ होतं. आम्ही दोघं दुपारी उशिरा निघालो, कार्यक्रमाला चांगले दोन तास होते. काकांनी इस्त्रीचा कुर्ता घातलेला, कानात कापूस. गाडीच्या काचा वर. माझाही फोन आवाज बंद करून पर्समध्ये, हा त्यांचा नियम. वाटभर ते गुडघ्यावर बोटं वाजवत होते.

सभागृहाचं फाटक बंद होतं. आत लोक दोरखंड ओढत होते आणि छतातून काहीतरी खाली उतरवत होते.

"प्रोग्राम तो भनपुरी के आगे वाले लॉन में चला गया, अंकलजी," चौकीदार म्हणाला. "यहाँ छत का काम निकल आया. टाइम भी पहले का हो गया. पेपर में आया था, रिक्शे पर माइक घुमाया था, सबके मोबाइल में भी आया था. आपको नहीं पता?"

काकांनी कानातला कापूस काढला आणि हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले. सगळ्या शहराला माहीत होतं. ज्या माणसानं या दिवसाची सगळ्यात जास्त वाट पाहिली होती, त्यानं आपले दोन्ही कान स्वतःच्या हातानं बंद करून ठेवले होते.

मी पर्समधून फोन काढला. काकूंचे किती तरी कॉल येऊन गेलेले. लावला. "अवो, कुठं आहा तुम्ही?" काकूंचा आवाज. "बहिणीच्या गल्लीत माइकवाला सांगत गेला, मले वाटलं तुमाले तिकिटवाल्यानं कळवलं असन. तिच्या सुनेनं मले इथं सोडलं. इथं बाई येऊन बसल्या. गाणं सुरू झालं."

मी गाडी कशी वळवली आणि कशी हाकली ते मला विचारू नका. शहर कापून आम्ही भनपुरीच्या रस्त्याला लागलो, आणि तिथं संपलो. धानाच्या सुगीचे दिवस होते. भाताच्या पोत्यांनी लादलेल्या ट्रकांची रांग नजर पोचेल तिथपर्यंत, गोदामांपासून पार पुढच्या चौकापर्यंत. पुढं ट्रक, मागं ट्रक, सगळ्यांचे हॉर्न. काका उतरून चालायला निघाले. अंतर खूप होतं. विजेच्या चौथ्या-पाचव्या खांबापर्यंत जाऊन ते धापा टाकत परत आले आणि बॉनेटला टेकून उभे राहिले. मला त्यांचं तोंड बघवेना.

तेवढ्यात फोन आला. काकू कुजबुजत होत्या. "शेवटचं म्हणून सांगितलं बाईनं. तेच गाणं आहे. फोन असाच धरून ठेवते. ऐकता काय?"

मी स्पीकर सुरू करून फोन काकांपुढं धरला. त्यांनी मान हलवली. "फोनवर नाही ऐकत मी गाणं," ते म्हणाले. त्या अवस्थेतही. मला राग आला आणि रडूही आलं.

"अवो, फोनवर काहून?" तिकडून काकू म्हणाल्या. "मी बसली आहो ना इथं. माझ्या कानानं ऐका."

काकांनी फोनकडे पाहिलं. मग कुर्त्याच्या खिशात हात घालून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला त्यांची गार्डची शिट्टी अडकवलेली असायची. सगळ्यांच्या शिट्ट्या बंद करणाऱ्या त्या माणसानं स्वतःची शिट्टी तोंडात घातली आणि अशी लांबलचक मारली की शेजारच्या ट्रकवरचा कावळा उडाला. हॉर्न एकदम थांबले. ड्रायव्हर डोकी बाहेर काढून बघायला लागले.

"का होगे बबा, रेलवे फाटक बंद हे का?" एकानं विचारलं.

"गाड़ी बंद कर भैया," काका हात वर करून म्हणाले. "गाना चलत हे."

"हव," त्यानं होकार दिला, आणि इंजिन बंद केलं. त्याच्या मागच्यानं बंद केलं. तसंही पुढं काही हलत नव्हतंच. धुराचा वास, धानाचा वास, आणि माझ्या तळहातावरच्या त्या लहानशा फोनमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज यायला लागला.

आवाज थकलेला होता. वरचा सूर त्या टाळत होत्या. पण शब्द असे ठेवत होत्या की ट्रकवाल्यांपैकी एक जण खाली उतरून आमच्याजवळ येऊन उभा राहिला. एक कडवं झालं. दुसरं झालं. आणि मग काहीच नाही.

मला वाटलं, कॉल गेला. फोन उलटा करून बघणार तोच काकांनी माझं मनगट धरलं. स्क्रीनवरचे आकडे पुढं सरकत होते. कॉल चालू होता. तिकडं कोणीतरी खोकलं, तेही ऐकू आलं. बाई थांबल्या होत्या. काकांचे डोळे मिटलेले, बोटं माझ्या मनगटात रुतलेली. मी श्वास घेत नव्हते, तो ट्रकवालाही घेत नसावा. आणि मग बाईंनी उचललं.

कसं उचललं ते मलाही सांगता येत नाही. तुम्ही असता तर कळलं असतं.

शेवटचा शब्द विरला आणि तिकडून टाळी यायच्या आत, भनपुरीच्या रस्त्यावर, धानाच्या ट्रकांमध्ये उभे राहून काकांनी टाळी वाजवली. ती घुमणारी, ताजी टाळी. मग ट्रकवाल्यानं वाजवली, मी एका हातात फोन धरून मांडीवर वाजवली, आणि मग फोनमधून सगळ्या लॉनची टाळी पावसासारखी कोसळली. काका रडत होते आणि हसतही होते, आणि मीही तेच करत होते.

आम्ही पोचलो तेव्हा लोक बाहेर पडत होते. काकू फाटकाशी उभ्या होत्या, खांद्यावर शाल, हातात फोन तसाच छातीशी धरलेला.

"तुमची टाळी सगळ्यात पयले आली," त्या म्हणाल्या. "फोनमधून. समोरचा माणूस मागं वळून पाहे."

"ऐकलं ना तू, ऐकलं ना?" काकांना उभं राहवत नव्हतं. "कशी थांबली. तशीच ना? नागपूरले थांबली तशीच?"

काकूंनी शाल नीट केली. माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मले काय माहीत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"नागपूरले मी नाही ऐकलं ते गाणं. तुम्ही उठून गेले अन् मले रडू आलं. नवीन लग्न, तुमची खुर्ची रिकामी. मी बाहेर येऊन चपला काढतात तिथं बसली. आतून काय आलं अन् काय नाही, माझं ध्यान नव्हतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी एवढ्या आशेनं विचारलं, मंग काहीतरी सांगा लागे ना. सांगितलं, थांबली म्हणून."

काका काकूंकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांचे त्यांचे सिद्धांत, मंडळातली भाषणं, कॅसेट कंपनीला घातलेल्या शिव्या, सगळं त्या चपलांच्या ढिगाजवळून निघालेलं. मला भीती वाटली, आता हे कोसळतात.

"पण आज तं थांबली," ते हळूच म्हणाले. "मी ऐकलं. ही पोट्टी साक्षीले आहे. तुले कसं माहीत होतं का ते थांबन?"

"मले कुठं माहीत होतं," काकू म्हणाल्या. "निरोपाचं गाणं आहे. त्याच्यात कोणी पण थांबनच."

आणि मग काकांच्या पोटातून ते हसू निघालं. दुसऱ्या अंकातलं, घोरल्यासारख्या आवाजाचं, सगळ्यांचं थांबल्यावरही न थांबणारं. लॉनच्या फाटकाशी, गाड्यांच्या दिव्यांमध्ये ते गुडघ्यावर हात टेकून हसत सुटले. बाहेर पडणारे लोक थबकून बघायला लागले.

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या हातानं त्यांची बाही ओढली.

"हळू हसा," त्या म्हणाल्या, "लोक पाहून राहिले."